झाकण घट्ट लावलं का?

...पुन्हा लागला हो! पाचव्यांदा! मंगळवारी सकाळी, कामावर जायच्या घाईत, किल्ली फिरवली आणि काट्यांच्या शेजारी तो पिवळा दिवा... इंजिनाचं चित्र असलेला, एवढासा, नखाएवढा... पण असा टक लावून बघतो की अख्ख्या वर्गात मास्तरांनी आपल्यालाच उभं केलंय! मी गाडी बंद केली. परत चालू केली. आहेच! डॅशबोर्डला दोन टिचक्या मारल्या. आहेच! मग आपण सगळेच जे करतो ते केलं, म्हणजे आपल्याला काही पडलेलीच नाही असं दाखवून खिडकीबाहेर बघितलं, आणि एकदम चोरून आत नजर टाकली. आहेच! आणि तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून बायकोचा आवाज... गाडी खाली, दिवा माझ्या नाकासमोर, तिला वरून कसं कळतं देव जाणे... "लागला ना परत? झाकण घट्ट लावलंत का हो?"

झाकण! पेट्रोलच्या टाकीचं झाकण! गेले तीन महिने हा एकच प्रश्न ऐकतोय मी. बायको विचारते, सासरे विचारतात, मेव्हणा विचारतो, मुलगी परगावी शिकते ती फोनवर "कसे आहात बाबा" विचारायच्या आधी हे विचारते. अहो, त्या दिवशी दात काढायला गेलो, डॉक्टरांना सहज म्हटलं गाडीत असा असा दिवा लागतो, तर माझ्या तोंडात दोन्ही हात घालून तो माणूस मला विचारतो, "झाकण घट्ट लावलं का?" मी काय बोलणार? "आँ आँ" केलं. तो म्हणाला, "मग तेच असणार."

तर आज मी त्याचा निकाल सांगायला उभा आहे. निकाल माझ्या बाजूने लागलाय, आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही जिवाला घोर लावून घेऊ नका. या पिशवीत एक कागद आहे. शिक्का असलेला! तो शेवटी दाखवणार. आणि बायकोला मुद्दाम तिसऱ्या रांगेत बसवलंय. ती बघा, ती मान खाली घातलेली. हं! आज तिने घालायचीच मान खाली. थांबा, एक घोट पाणी पितो... हं.

आता हे प्रकरण काय आहे ते समजून घ्या, दोन मिनिटांत सांगतो, मला समजायला तीन महिने लागले. पेट्रोल उडतं. अत्तराची बाटली उघडी राहिली तर कशी घरभर फिरते, तसंच. ती वाफ हवेत जाऊ नये म्हणून गाडीत एक कोळशाचा डबा असतो, त्यात ती मुरवून ठेवतात आणि मग इंजिन ती पिऊन टाकतं. आणि गाडी इतकी शहाणी, की अधूनमधून सकाळी थंडगार असताना, टाकी अर्धीमुर्धी भरलेली असताना, सगळी दारं बंद करून श्वास रोखून बघते. श्वास टिकला तर ठीक. कुठून फुस्स झालं की लगेच दिवा! म्हणजे कुठेतरी गळतंय. वाफ गळतेय. आणि वाफ गळण्याची सगळ्यात सोपी जागा कुठली? बरोबर. तुम्ही पण तेच म्हणालात! बघा, आता तुम्ही पण त्यांच्यातलेच!

आणि माझं म्हणणं काय होतं? की बाबांनो, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो! सव्वीस वर्षं! दिवसाला दोनशे बाटल्यांची झाकणं उघडतो आणि लावतो. आणि बाटल्यांत काय असतं ते इथे सांगत नाही, लोक जेवून आलेत. ती झाकणं मी उघडी टाकत असतो तर या शहरात मला कोणी राहू दिलं असतं का? सव्वीस वर्षांत एक बाटली सांडलेली नाही! पण घरी? घरी माझी अब्रू एका शांपूच्या बाटलीने घालवली. एका! अकरा वर्षांपूर्वी! एका लग्नाला निघालो होतो, जागा कमी म्हणून माझी शांपूची बाटली सासरेबुवांच्या बॅगेत ठेवली, आणि ती... मान्य आहे, मान्य आहे, ती गळली. सुटावर. त्यांनी पुसला, वाळवला, घातला, सगळं छान, डाग नाही की काही नाही. संध्याकाळी लॉनवर फोटोला उभे राहिले आणि पावसाची एक बारीक सर आली. एकच हो! सासरेबुवांना फेस आला! खांद्यांवरून, बाह्यांमधून, खिशातून... माणूस शांतपणे उभा आणि वाढतोय! फोटोग्राफर म्हणतो, "काका, जरा कमी करा." तो फोटो अजून त्यांच्या दिवाणखान्यात आहे. आणि त्या दिवसापासून घरातलं कुठलंही झाकण उघडं दिसलं की तो मीच. चहाचा डबा, मीच. टूथपेस्ट, मीच. मी गावाला गेलो असताना तेलाची बरणी उघडी राहिली, तरी "ह्यांचीच सवय लागलीये सगळ्यांना!"

तर दिवा लागला. पहिल्यांदा मेकॅनिककडे गेलो. सज्जन माणूस, बोलतो कमी, पण तोही पहिलं वाक्य काय बोलला? "साहेब, झाकण घट्ट लावता ना?" मी म्हटलं, तुम्हीसुद्धा? त्याने झाकण बदललं, यंत्र लावून दिवा घालवला. चार दिवस मी राजा! पाचव्या दिवशी सकाळी... दिवा. मग एक व्हॉल्व्ह बदलला. चार दिवस राजा, पाचव्या दिवशी दिवा. मग तो कोळशाचा डबा काढून बघितला, ठणठणीत. एक नळी बदलली. मग परत झाकण बदललं, कंपनीचं, अस्सल. चार दिवस राजा! माझं राज्य कायम चार दिवसांचं! आणि दर पाचव्या दिवशी वरच्या खिडकीतून तीच आकाशवाणी.

यात आमचे मेव्हणे. तळमजल्यावर राहतात. त्यांना मी तज्ज्ञ म्हणतो, कारण ते कशाचेही असतात. तज्ज्ञ म्हणाले, "भावोजी, वाईट वाटून घेऊ नका, पण माणसाची मूळ सवय जात नाही. आणि खरं सांगू? सोळा वर्षांची गाडी. पुढच्या शनिवारी तपासणी आहे, दिवा असला की नापास. कशाला जीव अडकवता? माझ्या ओळखीचा एक भंगारवाला आहे." ओळखीचा आहे म्हणजे काय, दुसऱ्या दिवशी घेऊनच आले! त्या भंगारवाल्याने माझ्या गाडीच्या बॉनेटवर असं टकटक केलं, आपण कलिंगड निवडताना करतो ना, तसं, आणि म्हणाला, "चालेल." चालेल! अहो, ज्या गाडीतून मी माझी तीन दिवसांची मुलगी हॉस्पिटलमधून घरी आणली, ताशी दहाच्या वेगाने, मागचे लोक हॉर्न मारून मारून थकले... ज्या गाडीच्या मागच्या सीटवर तिने पहिल्यांदा "बाबा" म्हटलं आणि मी रस्त्याच्या मधोमध ब्रेक मारला... ती "चालेल"? मला ती गाडी आवडते हो. त्यात लाजायचं काय? आवडते. आणि ती माझ्या हलगर्जीपणामुळे भंगारात गेली असं उरलेलं आयुष्य ऐकायची माझी तयारी नव्हती. बायको म्हणाली, "शनिवारपर्यंत बघा. नाही गेला दिवा तर मात्र जाऊ द्या." हे ती प्रेमानेच म्हणाली, पण जाता जाता झाकणाचं विचारून गेली.

आता एक गंमत सांगतो. मधे एकदा पेट्रोल भरायला गेलो, तर पंपावरच्या माणसाला झाकण उघडेना! त्याने एका हाताने बघितलं, दोन हातांनी बघितलं, दुसऱ्याला हाक मारली, तो म्हणाला, "साहेब, पहिलवान आहात का?" मी असा फुललो! म्हटलं, बघा! जग साक्षीला आहे! मी झाकण घट्ट लावतो! आनंदाने घरी आलो. अर्ध्या रस्त्यात डोक्यात आलं... पण मी तर एवढं घट्ट लावत नाही! माझ्या मनगटात एवढा जोर असता तर मी लॅबमध्ये कशाला, आखाड्यात नसतो का?

मग माझ्यातला लॅबवाला जागा झाला. संशय आला की पुरावा! बाटल्यांवर नंबर टाकायचा माझा तो काळा मार्कर घेतला, झाकण माझ्या नेहमीच्या हाताने लावलं, आणि एक बारीक रेघ ओढली, अर्धी झाकणावर, अर्धी गाडीच्या पत्र्यावर. समोरासमोर! आता झाकण केसभर जरी फिरलं तरी रेघ सांगणार. दुसऱ्या दिवशी लॅबला जायच्या आधी बघतो तर काय... रेघ दोन बोटं पुढे! पुढे म्हणजे घट्ट होण्याच्या दिशेने! पहिला विचार, चोर! पेट्रोल चोरतोय! पण मला सांगा, पेट्रोल चोरून नंतर झाकण मालकापेक्षा घट्ट लावून जाणारा चोर तुम्ही कुठे बघितलाय? तो चोर नाही, तो पाहुणा झाला!

तिसऱ्या दिवशी पहाटेपासून मी न्हाणीघराच्या खिडकीत. टब उपडा घालून त्यावर उभा, नळ सोडलेला, म्हणजे घरच्यांना वाटावं आंघोळ चाललीये. सव्वासहा. कचऱ्याची बादली घेऊन कोण आलं? आमची ही! बादली ठेवली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पेट्रोलचं दार उघडलं... त्याचं कुलूप केव्हाच मोडलंय... आणि झाकणाला दिला एक पीळ! वर "हं!" असा आवाज, आपण पिळून झालेल्या कपड्याला शेवटचा पीळ देतो ना, तसा. गेली. मी टबवर थक्क! उतरणार तेवढ्यात, पावणेसात, सासरेबुवा. मुलाकडे तळमजल्यावर असतात, फिरायला निघालेले. खिशातून रुमाल काढला, निसटू नये म्हणून झाकणावर घडी घालून ठेवला, डोळे मिटले आणि पीळ! ब्याऐंशी वर्षांचा माणूस! आणि साडेसातला तज्ज्ञ! त्यांनी तर एक पाय टायरवर ठेवला, दोन्ही हात झाकणावर, आणि असे वाकले की मला वाटलं आता गाडीच वर्तुळात फिरते! बरं, तिघांना एकमेकांचा पत्ता नाही! तिघंही आपापल्या परीने माझी काळजी घेतायत, रोज, तीन महिने! आणि मी मूर्ख दर चार दिवसांनी राजा होतोय!

तुम्ही म्हणाल, खिडकीतून ओरडला का नाहीत? अहो, लॅबचा नियम आहे. रिपोर्ट हातात येईपर्यंत पेशंटला काही बोलायचं नसतं. पण त्या टबवर उभं राहून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. हसू का ते सांगायला नको. वाईट याचं, की तीन माणसं पहाटे उठून एक गोष्ट करतात, आणि ती म्हणजे माझ्यावर अविश्वास.

मेकॅनिकला फोन केला, म्हटलं गळती शोधायचं काही खात्रीचं नाही का? तो म्हणाला, "आहे. धूर सोडू. माझ्याकडे धुराचं यंत्र नाही, मित्राकडून आणतो." मी म्हटलं आणा, आणि मी सगळ्यांना घेऊन येतो. तिघांना गाडीत घातलं. तज्ज्ञ म्हणाले, "चला, आता झाकणातून कसा भसाभस धूर निघतो ते बघूच!" सासरेबुवा पुढच्या सीटवर, म्हणाले, "जावईबापू, हरकत नाही, माणूस चुकतो. मी फेससुद्धा विसरलो." विसरले! फोटो फ्रेम करून! थांबा, अजून एक घोट... आणि ही बाटली टाकतो पिशवीत, आता मला दोन्ही हात मोकळे पाहिजेत, धूर दाखवायचाय.

तर अशी गाडी उभी. खालून एका नळीत मेकॅनिकने यंत्र लावलं. पांढरा धूर आत चालला. आम्ही चौघं पेट्रोलच्या तोंडापाशी वाकलेलो, डोक्याला डोकी लागलेली. एक मिनिट. काही नाही. झाकणाच्या कडेने बघतोय... काही नाही! एक धागासुद्धा नाही! तज्ज्ञ म्हणतात, "यंत्र बिघडलंय." आणि एवढ्यात झाकणाच्या खाली, चार बोटं खाली, जिथे ती नळी टाकीकडे वळते ना, तिथून... असा... हळूच... अगरबत्तीचा निघतो तसा एक बारीक धूर... असा... असा वर आला, आणि बरोबर तज्ज्ञांच्या नाकात गेला! मेकॅनिकने बॅटरी मारली. नळीला चीर! केसाएवढी! त्याने झाकण सोडवायला हात लावला. सुटेना. दोन हात लावले. सुटेना. मग तो उभा राहिला, कपाळ पुसलं, आमच्या चौघांकडे बघितलं आणि म्हणाला... अहो, हे वाक्य मी कोरून घरावर लावणार आहे... "साहेब, हे झाकण एवढं घट्ट लावतं कोण?"

तिघंही एकदम आपापल्या हातांकडे बघायला लागले!

"सोळा वर्षांची नळी," तो म्हणाला, "गंजत आलेली. रोज कोणीतरी पिळतंय तिला. पीळ बसला की चीर उघडते. मी झाकण बदललं काय, व्हॉल्व्ह बदलला काय, पिळणारा बदलला नाही ना!"

 मी फक्त छताकडे बघितलं. आधी आमची ही, अगदी बारीक आवाजात, "मी आपलं जरासंच... रोज एकदा..." सासरेबुवा चमकले, "तू? अगं, मग मी कशाला रुमाल घेऊन..." आणि तज्ज्ञ ओरडले, "बाबा, तुम्हीपण? म्हणजे मी एवढा जोर लावत होतो तरी ते आधीच घट्ट होतं?" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना? अहो, इथे तीन चोर, एक संन्यासी, आणि संन्यासी तीन महिने तिघांच्या सल्ल्याने फाशी जातोय! माझं झाकण बरोबर होतं! पहिल्या दिवसापासून बरोबर होतं! मी लावलेलं झाकण जसंच्या तसं सोडलं असतं तर ती नळी आणखी दहा वर्षं जगली असती!

बायको घरी येताना म्हणाली, "तुम्ही कधी बोलला नाहीत." मी म्हटलं, बोललो की. अकरा वर्षं बोलतोय, मी लावलंय म्हणून. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि म्हणाली, "चुकलंच माझं." बास! मला तो शनिवार तिथेच मिळाला. बाकीचं नुसतं व्याज.

नवी नळी बसवली. दिवा घालवला. पहिला दिवस, दुसरा, तिसरा, चौथा... पाचव्या दिवशी सकाळी मी किल्ली फिरवायला घाबरत होतो, आणि वर खिडकीत ती, तळमजल्याच्या दारात सासरेबुवा, पायरीवर तज्ज्ञ, तिघांचेही हात पाठीमागे बांधलेले, कारण मी तशी आज्ञाच काढली होती! फिरवली. दिवा... नाही! बंद केली, चालू केली. नाही! चोरून बघितलं. नाही! सासरेबुवांनी टाळ्या वाजवल्या हो! शनिवारी तपासणीला गेलो. तिथला साहेब अर्धा तास यंत्र लावून बसला, हसेना की बोलेना, आणि शेवटी म्हणाला, "सोळा वर्षांची वाटत नाही. कोण सांभाळतं?" मी म्हटलं, मी! एकटा मी! आणि येताना रस्त्यात भंगारवाला दिसला. गाडी थांबवली, काच खाली केली आणि म्हटलं, "चालेल नाही. पळेल!"

पास! शिक्क्यासकट पास! हा बघा, हा तो कागद, आता तुम्हाला दाखवतो, आणि तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी जरा नीट मान वर करून बघावं... हा... थांबा... हा पिशवीत... ओला का लागतोय हाताला? अं? शिक्का... शिक्का कुठे गेला? हा निळा ओघळ कसला? अहो, सगळी पिशवीच... आणि ही बाटली आडवी, आणि तिचं...

तिचं...

हे बघा, कोणी हसायचं कारण नाही. मघाशी धूर दाखवायच्या भरात माझे हात... तिसऱ्या रांगेत कोण उठतंय ते? बस खाली. अगं बस ना! लोक बघतायत! मी ओळखतो तो चेहरा...

बरं. विचार. एकदाच विचार, आणि बस.